शेवटच्या बाकावर कोण होतं

“बाई, तुम्ही याआधी कधी जिवंत मुलांना शिकवलंय का?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि जिला सगळे तोफ म्हणत, ती मुलगी तशीच उभी राहिली. हनुवटी वर, एक हात कमरेवर, जशी काही गड सर करून आली होती. अख्खा वर्ग आधी चिडीचूप झाला आणि मग एकदम फुटला. मागे बाकावर डोकं आपटून तिची मैत्रीण लंबी हसत होती. शेजारी बटणने तोंडात रुमाल कोंबला होता. पैज याच दोघींची. “विचारून दाखव, तर तू खरी तोफ, नाहीतर फुसका बार,” असं दोघी मधल्या सुट्टीत म्हणाल्या होत्या. आता तोफेला फुसका बार म्हटल्यावर ती गप्प बसते होय!

गेल्या वर्षापर्यंत हीच मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही लाल व्हायची. मग एका वक्तृत्व स्पर्धेत काय झालं कोण जाणे, तोंडाचं कुलूप निखळलं ते निखळलंच. आई म्हणायची, “बोलत नाही म्हणून हिला दाखवायला डॉक्टर शोधत होते, आता गप्प करणारा मिळतो का बघते.” तोफेला हे टोमणे बक्षिसासारखे वाटायचे.

फळ्याजवळ उभ्या असलेल्या नव्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्या शिक्षिका नव्हत्याच अजून. शाळेच्या मागच्या रस्त्यावर शिक्षक घडवणारं कॉलेज होतं आणि तिथले विद्यार्थी दरवर्षी या शाळेत येऊन पाठ घ्यायचे, म्हणजे खऱ्या वर्गावर शिकवण्याचा सराव करायचे. मुलं त्यांना ‘पाठवाले’ म्हणत. पूर्वी हे पाठवाले महिनोन्महिने यायचे, घामाघूम व्हायचे, खडू मोडायचे, आणि जाताना मुलांना गोळ्या वाटून रडायचे. या वर्षी ते चित्रच बदललं. कॉलेजने एका खोलीत भिंतभर पडदा लावला आणि पाठवाले त्या पडद्यावरच्या मुलांना शिकवू लागले. ती मुलं कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालायची. शंका विचारायची, चुकायची, थोडी खोडीही काढायची, आणि बरोबर वाक्य कानावर पडलं की गुणी बाळासारखी शांत व्हायची. खऱ्या वर्गावर शेवटी फक्त एक पाठ. गुण द्यायलाही माणूस येत नसे. शेवटच्या बाकाशी स्टँडवर कॅमेरा उभा करायचा, बाकी सगळं यंत्र बघून घ्यायचं.

नव्या बाई वर्गात आल्यापासून मुलांना एक गंमत सापडली होती. कुणाला उठवायचं झालं की त्या त्याच्या तोंडाकडे बघायच्याच नाहीत. डोक्याच्या वीतभर वर बघायच्या, क्षणभर गोंधळायच्या, मग “तू... तू सांग” म्हणायच्या. बटण कुजबुजली होती, “माझ्या डोक्यावर पाल आहे का गं?” खरं कारण तोफेला ठाऊक होतं, कारण तिचे बाबा त्याच कॉलेजात सर होते. पडद्यावरच्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर त्याचं नाव लिहिलेलं असतं. वर्षभर नावं वाचून वाचून बाईंच्या डोळ्यांना तीच सवय लागली होती. तोफेने हे मैत्रिणींना सांगितलं आणि त्यातूनच तो प्रश्न शिजला.

हसणं ओसरलं. बाईंनी खडू खाली ठेवला.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पहिलेच. आणि खरं सांगू का, मला फार भीती वाटतेय.”

असं उत्तर कुणी देतं का? तोफेची हनुवटी आपोआप खाली आली. पाठवाल्यांनी डोळे वटारायचे असतात, नाहीतर ‘खूप छान प्रश्न!’ असं खोटं खोटं म्हणायचं असतं. ही बाई सरळ घाबरलेय म्हणाली!

“बरं, आता मी तुम्हाला विचारते,” बाई म्हणाल्या. “मी इतका वेळ घनता शिकवली. कोणाला कळली नाही?”

शेवटी लंबीच बोलली, नेहमीच्या विदूषकी आवाजात. “बाई, मला सहावीपासून कळलेली नाही. जड वस्तू बुडते म्हणता. मग जहाज काय कापसाचं असतं?”

वर्ग पुन्हा खिदळला. पण तोफेने लंबीचे कान बघितले. ते लाल झाले होते. इतक्या वर्षांत तोफेला कधी कळलंच नव्हतं, की लंबी जिथे जोरात हसते तिथे तिला काहीही आलेलं नसतं.

बाईंनी कोपऱ्यातली फरशी पुसायची बादली उचलली, बटणला पाणी आणायला पिटाळलं आणि लंबीच्या डब्यातला चंदेरी कागद मागितला. मग सगळ्यांना जमिनीवर, बादलीभोवती बसवलं. कागदाची होडी केली. तरंगली. “हाच कागद, जरासुद्धा कमी नाही करायचा. आता ठेच.” लंबीने बुटाच्या टाचेने ठेचून ठेचून त्याची घट्ट गोळी केली आणि पाण्यात सोडली. टुप्. तळाला.

“वजन तेवढंच आहे ना?” बाई हळूच म्हणाल्या. आता त्या लंबीच्या डोळ्यांत बघत होत्या. “मग काय बदललं?”

लंबी बादलीत बघत राहिली. बाईंनी उत्तर दिलं नाही. कुणी तोंड उघडलं की त्या बोट ओठांवर ठेवायच्या. ती शांतता इतकी लांबली की तोफेला अंगावर मुंग्या चालल्यासारखं झालं. मग लंबीने डोकं वर केलं आणि विदूषकी आवाज कुठल्या कुठे पळाला. “जागा,” ती म्हणाली. “होडीनं जागा जास्त अडवली होती. म्हणजे जहाज पण... आतून पोकळ असतं! बाई, पोकळ असतं ना ते?”

तास संपल्याची घंटा झाली तेव्हा कुणीही उठलं नाही. शाळेच्या इतिहासात असं घडलं नसेल.

मागच्या बाकाशी कॅमेरा आपला रिकाम्या फळ्याकडे टक लावून उभा होता.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांचा फोन टुणकन वाजला. त्यांनी डाव्या अंगठ्याने काहीतरी दाबलं आणि पुन्हा भाताकडे वळले. तोफेने डोकावून पाहिलं.

“बाबा! नापास? नव्या बाई नापास?”

“कोण नव्या बाई?”

“आमच्या! आज पाठ घेतला ना त्यांनी. तुम्ही आत्ता काय दाबलंत?”

“सहमत,” बाबा म्हणाले. “यंत्र पाठ बघतं, निकाल लिहितं, मी सहमत दाबतो. हे बघ, काय लिहिलंय. शिक्षिका बराच वेळ चौकटीबाहेर. फळा रिकामा. वर आलेले हात नाहीत. दीर्घ शांतता.”

“अहो, ती शांतता म्हणजे तर...” तोफेला शब्द सापडेना, असं वर्षभरात पहिल्यांदाच झालं. “लंबीला घनता कळली त्या शांततेत! लंबीला! तुम्ही तिला ओळखता ना?”

“मग बादली चौकटीत ठेवायची होती,” आई म्हणाली. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि तिचं बोलणं सुईसारखंच असायचं, छोटं आणि नेमकं. पण बोलून झाल्यावर तिनेच नवऱ्याकडे पाहिलं. “तुम्ही बघितलात का हो तो पाठ?”

बाबांनी मान खाली घातली. एके काळी हाच माणूस कोपरांना खडू लागलेला घरी यायचा आणि पाठवाल्यांच्या नकला करून दोघींना हसवायचा. शेवटच्या बाकावर मुलांमध्ये अंग चोरून बसणं ही त्यांची हौस होती. “जो पोरगा तुमच्याकडे बघत नाही, त्याला शिकवा, बाकीचे आपोआप शिकतात,” असं ते पाठवाल्यांना सांगायचे. पडदा आला तशी कॉलेजातली सर मंडळी एकेक करून घरी गेली. उरलेल्यांना यंत्राने काढलेल्या निकालांवर सहमत दाबायचं काम राहिलं. आता बाबा घरी यायचे ते मान चोळत.

“असहमत दाबलं की कारण द्या, बैठकीला या, आणि मग वरून ऐका की यंत्रापेक्षा तुम्ही शहाणे का,” ते म्हणाले. “दम नाही गं माझ्यात. पण तिला आणखी एक पाठ मिळतो. दुसऱ्या पाठाला आमच्यापैकी कुणीतरी वर्गात बसायचंच, असा नियम आहे. कॅमेराही असतो, पण माणसाचं मतही धरतात.”

“आणि त्यातही पडल्या तर?”

“तर नाव काढतात.”

“मग तुम्ही या. शेवटच्या बाकावर. तुम्हीच.”

“येतो.”

“बाबा, माझी शपथ?”

“अगं माझी आई, येतो म्हटलं ना!”

एवढ्यावर थांबली असती तर ती तोफ कसली. दुसऱ्या दिवशी तिने मधल्या सुट्टीत वर्गाचं दार लावून घेतलं आणि खुर्चीवर चढली.

“ऐका रे! यंत्राला हात लागतात. हात मोजतं ते. तर आपण त्याला हातांचं जंगल दाखवू. केसाळ सर आठवतात ना?”

केसाळ सरांना कोण विसरेल! मागे पाठ घ्यायला आलेले ते सर मोठे वस्ताद. त्यांनी पाठाच्या आधीच वर्गाशी तह केला होता. मी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचे. ज्याला येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. मी फक्त उजव्यांना उठवीन. पाहणाऱ्याला वाटावं, काय हुशार वर्ग आहे! पाठवाल्यांमध्ये ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तोफेच्या बाबांना ती पुरेपूर माहीत होती. “मागे बसलं की डावे-उजवे एका नजरेत दिसतात,” ते घरी हसून सांगायचे, “पण पोरं एवढी मन लावून फसवतात की मी त्यालाही गुण देतो.”

वर्गाला कल्पना आवडली. फक्त बटणने शंका काढली. “बाईंना आधी सांगायचं का गं?”

“वेडी आहेस का? त्या एक नंबरच्या प्रामाणिक. नको म्हणतील. आपण गुपचूप करायचं.”

“पण मग...” बटण म्हणाली आणि गप्प बसली. तोफ बोलायला लागली की बटण नेहमीच गप्प बसायची.

दुसरा पाठ आरशांवर होता. बाई आल्या त्या नीट घडी घातल्यासारख्या. आज खडूचे तुकडे ओळीने मांडलेले, फळ्याचे भाग पाडलेले, पाऊल चौकटीबाहेर पडू नये म्हणून जमिनीवर खडूची रेघ ओढलेली. तोफेला ती रेघ बघून कसंसंच झालं. तास सुरू व्हायच्या आधी खिडकीतून तिला बाबा दिसले. व्हरांड्यातून येत होते. तिने हात हलवला. त्यांनी फोन कानाला लावला होता, त्यांनी मान हलवली आणि मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीकडे वळले. येतील आता. शेवटचा बाक तिने स्वतः पुसून ठेवला होता.

कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला.

“आरशात आपला उजवा हात कोणत्या बाजूला दिसतो?” बाईंनी पहिला प्रश्न विचारला.

सपकन जंगल उगवलं. अख्ख्या वर्गाचे हात वर! बाई दचकल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की तोफेला वाटलं, आपणच ही बाई घडवली. आता बाईंची नजर फिरली, डोक्यांच्या वर नाही, चेहऱ्यांवरून, आणि ओळखीच्या एका चेहऱ्यावर येऊन विसावली.

“तू सांग,” त्या प्रेमाने म्हणाल्या.

लंबी.

लंबीचा हात डावा होता.

ती उठली. हात वरच राहिला, खाली घ्यायचं विसरली. तोंड उघडून मिटलं. बाई थांबल्या, बादलीपाशी थांबल्या होत्या तशाच, विश्वासाने. लंबीने वळून तोफेकडे बघितलं आणि त्या क्षणी तोफेच्या लक्षात आलं. केसाळ सरांचा तह केसाळ सरांना माहीत होता. या बाईंना तो कुणी सांगितलाय? कोणत्या हाताला उठवायचं ते त्यांना कसं कळणार? पडद्यावरच्या मुलांच्या डाव्या-उजव्या हाताला वेगळा अर्थ नसतो.

“हरकत नाही,” बाई म्हणाल्या. “कोपऱ्यातला तू?” डावा. “त्याच्या मागची?” डावा. त्यांना हेच शिकवलं होतं, की पुढच्या हुशारांना सोडा, कडेच्यांना आणि मागच्यांना बोलतं करा. त्या नियमाने वागत होत्या, मनापासून वागत होत्या, आणि एकामागून एक मुकी मुलं उभी राहत होती. तोफ बाकाखालून पाय आपटत “उजव्याला, उजव्याला” असं पुटपुटत होती. तिने दाराकडे बघितलं. बाबा, या ना. या आणि मागून एकदा बघा. एका नजरेत कळेल तुम्हाला. दार बंदच होतं.

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. हात पुन्हा वर. खाली घ्या असं सांगायला कुणी सेनापती उरलाच नव्हता.

तास संपला. बाईंनी जमिनीवरची रेघ तेवढी पायाने पुसली.

तोफ धावत मोठ्या बाईंच्या खोलीपाशी गेली. बाबा खुर्चीत बसले होते, समोर रिकामा कप, कानाला फोन. “हो, हो, आजच पाठवतो,” कुणाला तरी सांगत होते. तिला पाहून त्यांनी हाताने खूण केली, एक मिनिट.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि इथे तर वर्गभराचे हात.

निकालात यंत्राने लिहिलं की प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक हात वर आणि उत्तर एकही नाही, म्हणून हा वर्ग आधीच पढवलेला असावा. नापास होणं वेगळं आणि लबाड ठरणं वेगळं. कॉलेजने बाईंना समितीपुढे बोलावलं. ही बातमी शाळेत पोचायला वेळ लागला नाही. लंबीने त्या दिवशी एकही विनोद केला नाही. शाळा सुटल्यावर तोफेने दप्तर पाठीवर टाकलं आणि एकटीच कॉलेजकडे निघाली.

बाई फाटकासमोरच्या बसथांब्यावर सापडल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत आरसे. वर्गात दाखवायला आणलेले छोटे आरसे, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.

“बाई, आम्ही केलं ते,” तोफ धापा टाकत म्हणाली. “म्हणजे मी केलं. उजवा म्हणजे येतं, डावा म्हणजे नाही येत. तुम्हाला गुण मिळावेत म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही नको म्हणाला असता.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. राग येईल, निदान एक सणसणीत शब्द येईल, अशी तोफ वाट बघत होती. आला असता तर बरं झालं असतं.

“असं होय,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, हात वर म्हणजे येतंय. पडद्यावरची मुलं खोटा हात वर करत नाहीत गं. मी दोन दिवस विचार करतेय, की मी असं काय शिकवलं, ज्याने येत असलेलं सगळ्यांचं गेलं.”

“मी समितीला सांगते.”

“उद्या शेवटची बैठक आहे. पण सांगून काय होणार? सर म्हणाले ना, की मी वर्गात होतो आणि मलाही तसंच दिसलं.”

“कोण सर?”

बाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “तुझे बाबाच ना ते? त्यांना दोष देत नाहीये मी. समितीने विचारलं, मी म्हणाले, मागे कुणी बसलेलं मला दिसलं नाही. ते म्हणाले, होतो. मग मी म्हटलं, असतील. मला वर्गात कुठे बघायचं तेच अजून नीट कळत नाही. माझीच नजर चुकली असेल.”

बस आली. बाई चढल्या. तोफ थांब्यावर उभी राहिली. त्या बाईंनी स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडून दिला होता, आणि तो शेवटचा बाक रिकामा होता हे तोफेने स्वतः पाहिलं होतं. स्वतः पुसलेला बाक ती विसरेल?

घरी आली तेव्हा बाबा शर्टाची बटणं सोडत होते. तिने दप्तरही उतरवलं नाही.

“बाबा, तुम्ही समितीला काय सांगितलंत?”

बाबांनी आईकडे बघितलं. आई डाळ निवडत होती, तिचा हात थांबला.

“डावा-उजवा केला होता आम्ही,” तोफ म्हणाली. “केसाळ सरांचा. बाईंना माहीतही नव्हतं.”

बाबा मटकन खुर्चीत बसले. “डावा-उजवा,” ते म्हणाले. तोंडावर हात फिरवला. “अरे देवा. मी मागे बसलो असतो तर पहिल्याच प्रश्नाला कळलं असतं.”

“पण तुम्ही बसला नव्हतात.”

“कॉलेजातून फोन होता. ते सोडतच नव्हते. निकाल फोनवर येणारच होता, म्हटलं तेवढ्यात...” त्यांचा आवाज खाली गेला. “अगं, समितीत माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मला काढायला निमित्तच हवंय. मी नव्हतो म्हटलं असतं, तर तिच्याआधी माझंच नाव गेलं असतं. आम्ही उरलोय किती? जे उरलोय ते असेच उरलोय.”

“म्हणजे त्या लबाड नाहीत हे तुम्हाला आता माहीत आहे.”

“आता माहीत आहे. तेव्हा नव्हतं.”

“मग उद्या सांगा.”

बाबा मान चोळत राहिले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईने सुपातला खडा उचलून कडेला ठेवला.

“हे बघ, बाळा,” आई म्हणाली, आणि ती बाळा म्हणते तेव्हा काहीतरी जड असतं. “घरातलं घरात बोलू. तुझं वय नाही या भानगडीत पडायचं. त्या बाई तरुण आहेत, दुसरीकडे कुठेतरी लागतील. तुझ्या बाबांना या वयात कोण घेणार? माझ्या एकटीच्या पगारात...”

“आई, त्यांना दुसरीकडे कोण घेईल? लबाडी केली म्हणून काढलं, असंच सगळे म्हणणार ना?”

आई पुन्हा डाळीतले खडे शोधू लागली. ती नेमकं बोलणारी बाई होती आणि यावर नेमकं असं काही नव्हतं.

“मी चूक केली,” बाबा म्हणाले. “कबूल. पण समजून घे. रोज इतके निकाल येतात. इतकी वर्षं मी प्रत्येक पाठाला बसलो. एकदा नाही बसलो.”

“एकदा नाही, बाबा. वर्षभर.”

हे तिच्या तोंडून इतक्या हळू आवाजात निघालं की तिलाच ते दुसऱ्या कुणाचं वाटलं. बाबांनी डोळे मिटले. त्यांचे खांदे पडलेले होते, शर्ट अर्धा उघडा होता आणि त्यांच्याकडे बघताना तोफेला त्यांची इतकी दया आली की क्षणभर वाटलं, जाऊ दे. जेवायला बसावं, उद्या शाळेत जावं, बाईंचं नाव हळूहळू सगळे विसरतील. लंबी पुन्हा जिथे तिथे जोरात हसायला लागेल. आपलेच दात, आपलेच ओठ, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तिने दप्तर उतरवून जमिनीवर ठेवलं. मग भिंतीला पाठ टेकली.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्या शाळेत न जाता मी कॉलेजात जाणार आहे. लंबी आणि बटण येणार असतील तर येतील, नाहीतर एकटी. समितीपुढे आधी सांगणार, की हात मी वर करायला लावले आणि बाईंना काहीच माहीत नव्हतं. मग सांगणार, की शेवटचा बाक रिकामा होता. ते विचारोत नाहीतर न विचारोत. बाबा, तुम्ही माझ्याआधी सांगितलंत, तर मी तुमच्या शेजारी उभी राहीन. नाही सांगितलंत, तर तुमच्यासमोर उभी राहून सांगेन. पण सांगणार.”